सिदूचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आताही लेखणी दोनदा खाली ठेवून झाली आहे.

लहान मुलांच्या आजारपणात आयुष्य का घातलंत, असं नर्सिंगच्या मुली मला दरवर्षी विचारतात. मी सिदूची गोष्ट सांगते. म्हसवडजवळच्या वस्तीवरचा पाच वर्षांचा सिदू. त्याला जुलाब लागले होते. जुलाबात पाणी दिलं की ते वाढतात, असं घरात मानत. आई शेरडांमागे जाताना थोरल्या बहिणीला बजावून गेली — पाणी देऊ नको. बहीण घागरीपुढे बसून राहिली. तो मागत राहिला. दिवस कलताना मागायचा थांबला.

मग मी म्हणते, ती बहीण मी. वस्ती माझ्या आजोळची.

खरी बहीण कोण होती?

हौसा. साताऱ्याच्या नर्सिंगच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. मी सांगलीच्या प्राध्यापकाची मुलगी, पुस्तकांत वाढलेली. बालआरोग्याच्या पुढच्या शिक्षणाला एक शिष्यवृत्ती होती — एकच — आणि अर्ज दोघींचे. मुलाखतीच्या आदल्या दुपारी उत्तरं घोकत होतो. मुलांमध्येच काम का? तेव्हा तिनं सिदूचं सांगितलं, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, "उद्या ह्येच सांगू का गं? का हसतील?"

"नको," मी म्हणाले. "असलं घरचं तिथं सांगत नाहीत."

तिच्या भल्यासाठी म्हणाले होते का? पुष्कळदा स्वतःला विचारून पाहिलं. नाही. माझ्याकडे उत्तरच नव्हतं — मला फक्त पहिलं यायचं होतं. दुसऱ्या दिवशी माझं नाव आधी पुकारलं. आत मी सिदूचं सांगितलं, माझा भाऊ म्हणून. माझ्यानंतर हौसा आत गेली आणि म्हणाली, मला मुलं आवडतात.

शिष्यवृत्ती मला मिळाली. ती माण तालुक्यात, आपल्या वस्तीकडे परतली, उपकेंद्रात नर्स झाली, वस्तीवस्तीवर आयांना साखर-मिठाचं पाणी करायला शिकवत राहिली.

पुढे दहिवडीच्या एका प्रशिक्षणात मी सिदूची गोष्ट सांगत असताना ती मागच्या रांगेत दिसली. मी थांबले नाही. थांबता आलं असतं. नंतर ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. "सिदूला लय लांबवर फिरवलंस गं," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात हौसा गेली. दहाव्याला तिच्या मुलानं, फौजेतून रजेवर आलेल्या, बायकोला माझी ओळख करून दिली. "ह्या आईच्या मैतरीण. ह्यांचा धाकटा भाऊ पाण्यावाचून गेला, म्हणून ह्या पोरांच्या कामात आल्या. आई लय येळा सांगायची."

आपल्या मुलालाही तिनं खरं सांगितलं नव्हतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं भाऊ माझ्या नावावर सोडला होता.

मी हो म्हणून मान हलवली. पुन्हा.

मला भाऊ नाही. मी एकुलती एक. सिदू हौसाचा होता, आणि त्यानं पाणी मागितलं ते तिच्याकडे.