फलकावरचा दर

आबांना अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा त्यांची जीभ शाबूत होती. डावा हात, डावा पाय गेला, पण खाटेवर पडल्या पडल्या ते आईवर ओरडत होते, म्हशीला पाणी दाखवलं का म्हणून विचारत होते. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आम्ही कळंबला राहायचो. त्यांना बघायला आलेल्या कारखान्यातल्या कारकुनानं जाता जाता मला अंगणात बाजूला घेतलं.

"फंडाच्या कागदावर वारस म्हणून तुझ्या आईचं नाव नाही," तो म्हणाला. "पहिलीचं आहे."

आबांची पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली होती. कागद तिच्याच नावाचा राहिला. आईशी लग्न देवळात, चार माणसांत झालेलं. त्याची कुठं नोंद नव्हती. कारकून म्हणाला, "ते शुद्धीवर आहेत तोवर नोटरीसमोर शपथपत्र करून घे. पहिली वारली, ही माझी बायको, एवढं लिहायचं. नंतर फार जड जाईल."

नोटरी हा शब्द तेव्हा आमच्याकडं नवाच होता. बारामतीत एका वकिलांना सरकारनं तो अधिकार दिलाय, एवढं कळलं. आईनं साठवलेले पंचवीस रुपये माझ्या हातावर ठेवले. "मागतील तेवढं दे. घासाघीस करू नगंस," ती म्हणाली.

मी सातवी पास झालेली, एकोणीस वर्षांची. घरात कागद वाचता येणारी मी एकटीच, आणि त्याची मला घमेंड होती. वकिलांच्या कचेरीत भिंतीवर फलक होता. शपथपत्राला किती, नकलेवर सहीशिक्क्याला किती, सगळे सरकारी दर लिहिलेले. वकील येईपर्यंत मी तो दोनदा वाचला. आकडा अगदी लहान होता.

मी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "घरी यायचं तर वीस रुपये पडतील."

"फलकावर तर एवढं न्हाय."

"फलकावरचा दर इथं येणाऱ्याला. कळंबला यायचं म्हणजे मोटार करावी लागेल, माझा दिवस मोडेल. पेशंटला इथं आणा, मी फलकावरचेच घेईन."

"लिहिल्यापरीस जादा घेता येतं का तुमाला?"

त्यांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत. "बाई, बघा, मी आज संध्याकाळी येऊ शकतो," एवढंच म्हणाले.

मी उठले. पंचवीसच्या पंचवीस रुपये परत आणून आईच्या हातात दिले आणि वकिलाला कसं गप्प केलं ते रंगवून सांगितलं. आई पैशांकडं बघत राहिली. "मग आता?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "गाडीतनं नेऊ."

गाडी मिळायला तीन दिवस गेले. शेजारच्या तात्यांचे बैल उसाच्या वाहतुकीला जुंपलेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आबांना दुसरा झटका आला. तोंड वाकडं झालं, शब्द अडकायला लागले. कधी नीट बोलायचे, कधी कुठल्या कुठं जायचे. त्याच संध्याकाळी तात्या गाडी मोकळी करून आले.

उजाडता उजाडता निघालो. गाडीत कडबा पसरून त्यावर वाकळ टाकली होती. आई आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पायाशी. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत आणि आई तात्यांना म्हणे, "हळू वं, हळू." मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर. बारामतीत पोचायला दुपार टळली.

वकील स्वतः खाली उतरून गाडीपाशी आले. त्यांच्या कचेरीतल्या कारकुनानं टाइप केलेला कागद त्यांनी आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग वाकून विचारलं, "आबा, ही बाई तुमची कोण?"

आबांनी आईकडं पाहिलं. ओळखीचं हसले. आणि स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता, त्यांनी पहिलीचं नाव घेतलं.

वकिलांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच नाव. आबांनी आईला नावानं कधी हाकच मारली नव्हती. वीस वर्षं नुसतं 'अगं' म्हणत. कुणा साहेबानं बायकोचं नाव विचारलं की सांगायचं ते एकच नाव त्यांच्या जिभेला ठाऊक होतं.

"अवं, ती गेली," आई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "म्या हाय. म्या." तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं नाव सांगितलं, दोनदा, तीनदा. आबा तिचा हात कुरवाळत होते आणि ओठांवर नाव पहिलीचं होतं.

आम्ही तासभर लिंबाच्या सावलीत थांबलो. साखरेचं पाणी पाजलं, तोंडावरून ओला हात फिरवला. मग ते नुसतेच झोपले.

"अंगठा घ्या," मी वकिलांना म्हणाले. "झोपेत घ्या. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, बाई."

निघताना आईनं पुन्हा दिलेले पदरातले सगळे पैसे मी त्यांच्यापुढं धरले. "पंचवीस हायत. आणखी आणून देते. मागाल तेवढं देते, पण शिक्का मारा."

त्यांनी माझी मूठ मिटवली. कागदाचे, टाइपाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "काम झालंच नाही, फी कशाची घेऊ?" त्यांचे डोळे भरले होते. त्या माणसाला मी नंतर कितीतरी वर्षं शिव्या दिल्या, कारण दुसऱ्या कुणाला द्यायच्या तर त्या मलाच बसणार होत्या. घरी जायचा प्रवासखर्च घ्यायला नोटरीला नियमानंच मुभा आहे, हे मला पुढं कधीतरी कळलं.

परतीच्या वाटेवर मी आईला म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे." आबांच्या तोंडावर ऊन येत होतं, तिथं तिनं पदर धरला होता.

चौथ्या दिवशी आबा गेले.

फंडासाठी आम्ही इंदापूरच्या कचेरीत पुष्कळ खेटे घातले. दर खेपेला नवा कागद, नवा अर्ज. शेवटी माझ्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, त्यावर काम झालं. रक्कम मुलीच्या नावानं मंजूर झाली. आईचा कुठल्याच कागदावर पत्ता नव्हता.

शेवटच्या सहीच्या दिवशी तीही आली होती. धुतलेलं लुगडं नेसून, टेबलापासून जरा लांब उभी होती. मी सही करत असताना तिथल्या कारकुनानं मान वर करून तिला विचारलं, "तुम्ही कोण?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "म्या व्हय? म्या हिच्यासंगं आलीय."