चालतं काम उचलणारी अतिका

तळोद्याच्या जीपस्टँडसमोर बशीरभाईंचं सीटकव्हर शिवायचं दुकान आहे. कापड कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांची मुलगी अतिका लॅपटॉप मांडून बसते. तिचं काम मात्र दूरच्या शहरातल्या, भाड्याने घेतलेल्या मशीनवर चालतं. इथून जातात ते फक्त हुकूम.

त्या दिवशी मोलगीकडच्या चारशे म्हाताऱ्या माणसांचे रेकॉर्ड केलेले आवाज तिथे साफ होत होते. रानभाज्या, औषधं, बियाणं, सगळं त्यांच्याच बोलीत. शिक्षक उदेसिंग यांनी तीन वर्षं पाडे पालथे घालून ते गोळा केले होते. एकोणीस तास झाले होते, पाच उरले होते. शेवटचा आवाज झाला की मगच फाइली तयार होणार होत्या. मशीनची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

चूक आदल्या दिवशीची. लांबलचक काम असलं की अतिका आधी त्या मशीनवरच वेगळं सत्र उघडते. मग इकडची, लॅपटॉपवरची खिडकी मिटली तरी तिकडचं काम चालू राहतं. पण काल उदेसिंगांची परतीची जीप भरली होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता आणि सरांना काम सुरू झालेलं बघूनच जायचं होतं. तिने ते उघड्या खिडकीतूनच सोडलं. आता खिडकी मिटली की काम मेलं.

आज सव्वादहाला वायरमन सांगून गेला, साडेदहाला लाइट जाणार. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली.

"परत सुरू कर ना," सकाळच्या जीपने पुन्हा आलेले उदेसिंग म्हणाले.

"तेवढा वेळ नाही, सर. चालू आहे तेच उचलून दुसरीकडे बसवते."

"चालत्या कामाला?"

बशीरभाई शिवता शिवता हसले. "गुरुजी, भरेल जीपमाधला मानूस उतरना का जागा गयी. मी कव्हर शिवाले उतारूसले उठाडस का? त्या सरकतस, मी शिवस."

"तेच करी ऱ्हायनू, अब्बा."

तिने काम थांबवलं, मागे सारलं, खिडकीशी त्याचं नातं तोडलं. मग तिकडे नवं सत्र उघडलं आणि कामाचा क्रमांक देऊन ते आत ओढलं. पडद्यावर साफ झालेल्या आवाजांचा आकडा होता ३१६. तो हलेना. उदेसिंग उभेच राहिले.

३१७.

पंखा थांबला. लॅपटॉप काळा पडला. अतिकाने मोबाइलवरून तेच सत्र गाठलं. ३१८.

साडेतीनला चारशेही आवाज आले. तिने पहिला मोबाइलवर लावला. कुणी आजी कंदाची ओळख सांगत होती. भरत आलेल्या जीपमधला एक म्हातारा कान देऊन ऐकू लागला. अतिकाकडे बोट दाखवून आपल्या बोलीत काहीतरी बोलला.

"विचारताहेत, ही कुणाची पोर," उदेसिंग म्हणाले.

बशीरभाईंनी शिलाई मशीनवरचा पाय थांबवला. उठून उभे राहिले.

"मन्ही," ते म्हणाले.