आवाजावर ठेवलेलं आधण

एसिनामच्या घरी बाजारच्या दिवशी चूल घड्याळ बघून कधी पेटली नाही. तिचा नवरा दोत्से पलीकडच्या बेटांवरून माणसं, कोंबड्या आणि कंदांचे ढीग होडीत भरून आणायचा. सरोवराखाली गेलेल्या रानाचे वाळके खुंट अजून पाण्यावर उभे आहेत. तिथून त्याच्या इंजिनाचा आवाज फुटला की एसिनाम आधण ठेवायची. दोत्से होडी बांधून, शेवटची म्हातारी हाताला धरून उतरवून घरी येईपर्यंत अक्प्लेचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा, वाफाळता गोळा आणि माशांचं तिखट कालवण तयार असायचं. मी शेजारी. वास आला की काहीतरी निमित्त काढून कुंपणापाशी उभा राहायचो.

"टॉग्बे, आज काय हरवलं?" ती विचारायची. टॉग्बे म्हणजे आजोबा. आमच्या झेमेनी गावात मला सगळे हेच म्हणतात.

"काठी हरवली, पोरी."

"ती तुमच्या हातात आहे."

"मग भूक सापडली म्हण."

पंगतीला आणखी एक जण असायचा, फोली फिटर. तो आणि दोत्से लहानपणापासून एकाच ताटलीत जेवलेले. धक्क्यावर कुणी जुनी होडी विकायला काढली की फोलीला बोलावणं जायचं. इंजिन किती तास चाललं हे सांगणारं मीटर आमच्याकडच्या इंजिनांना नसतं, आणि असलं तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? फोली दोरी खेचायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. प्लग काढून काजळी बोटावर घासायचा, पंख्याच्या कडा चाचपायचा. मग निकाल द्यायचा: हे तरुण आहे, हे निम्म्यावर आलंय, याला पुरायची सोय करा. त्यानं सांगितलेलं वय घेणारा मानायचा आणि देणाराही.

दोत्से तापानं गेला. मातीला सगळ्यांत मोठ्यानं फोली रडला. आमची कॉन्सर्ट पार्टी, म्हणजे ट्रकवर ढोल लादून गावोगाव फिरणारी नाटकमंडळी, चालू होती तोवर मी बायकांचीच कामं केली. ओठांना लाली लावायची, छातीला करवंट्या बांधायच्या आणि असा हंबरडा फोडायचा की मागच्या रांगेतले हमालही नाक पुसायचे. कितीतरी विधवा रंगवल्या मी. एसिनाम मात्र रडली नाही. काळं नेसून ती दोत्सेच्या चपला पुसत बसली होती.

आमच्यात वर्षभर मयताच्या कामाच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली, इंजिनावर ताडपत्री घातली. वर्ष सरलं, एसिनामनं काळं उतरवलं आणि फोलीला निरोप धाडला. इंजिन चांगलं असेल तर चालक ठेवून होडी आपणच चालवायची आणि संपलं असेल तर विकायची, असं तिनं ठरवलं होतं.

"टॉग्बे, होडी राहिली तर मी दोत्सेची बायको," ती मला म्हणाली. "गेली तर नुसती विधवा."

फोली आला. दोरी खेचून खेचून घामाघूम झाला. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं, विझलं. परत खोकलं, परत विझलं. आजारी मित्राच्या पाठीवर ठेवावा तसा त्यानं इंजिनावर हात ठेवला.

"ऐकलंत, वहिनी? छाती भरलीय याची. तास संपले."

"पण भाऊजी, ते चालायचं फक्त बाजारच्या दिवशी. आठवड्यातून एकदा चालणारं इंजिन इतक्यात म्हातारं कसं होईल?"

"दोत्से तरी रोज कुठं आजारी पडायचा, वहिनी? एकदाच पडला ना?"

तिनं मान डोलावली. मीही. एवढा जिव्हाळ्यानं बोलला होता तो!

"क्राचीला माझ्या ओळखीचा एक आहे," फोली म्हणाला. "सुटे भाग काढून विकतो. माझ्या शब्दाखातर होडीच्या फळ्यांचेही थोडे पैसे देईल."

सौदा झाला. जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना साक्षीला बोलावलं, उरलेली एकाच पेल्यातून फिरली. पेला फिरला की सौदा मोडत नाही. एसिनामही प्यायली. आलेल्या सेदींच्या नोटांतून तिनं माशांना धुरी द्यायची भट्टी बांधली.

पाऊस संपला, उत्तरेची धूळ उडायला लागली. एका बाजारच्या दिवशी मी कुंपणापाशी होतो, ती मासे साफ करत होती. एकाएकी उठली, चुलीवर आधण ठेवलं, जाळ फुंकला, पिठाचा डबा काढला. मला वाटलं, पाहुणे येणार असतील. तेवढ्यात मलाही ऐकू आलं, खुंटांच्या बाजूनं.

तिचा पिठाचा हात तसाच राहिला.

"टॉग्बे, मी आधण का ठेवलं?"

मी काठी खुंटांच्या दिशेनं उचलली.

"तुम्हीही ऐकताय ना?"

"ऐकतोय, पोरी."

आम्ही धक्क्यावर गेलो. होडीला हिरवा रंग होता, नाव नवं होतं. हँडल धरून फोलीचा भाचा सेन्यो बसला होता आणि फोली उतरणाऱ्यांकडून भाडं घेत होता.

"भाऊजी, हे दोत्सेचं इंजिन."

"होतं, वहिनी. क्राचीवाल्याकडून परत आणलं. सगळं खोलून आतून नवं केलं. पिस्टन नवा, रिंगा नव्या. हात बघा माझे, अजून दुखतात."

"झाकण काढा."

सेन्यो हसला. "मावशी, इंजिन आहे ते, अक्प्लेची हंडी नाही."

"काढ म्हटलं ना!"

हमाल गोळा झाले. झाकण निघालं. इंजिन आणलं त्याच दिवशी दोत्सेनं आतल्या बोल्टांच्या डोक्यांवर घराच्या दाराचा उरलेला निळा रंग थापला होता. बोल्ट सोडवले की रंगाला तडा जातो, आणि ते सोडवल्याशिवाय पिस्टनपर्यंत हात पोचत नाही. ही युक्ती त्याला फोलीनंच शिकवली होती.

एसिनामनं एकेका बोल्टावरून बोट फिरवलं. रंग तिच्या दारासारखाच अखंड होता.

"खोटं नाही, मावशी," सेन्यो मामाच्या मदतीला धावला. "आम्ही खरंच काम केलं. कार्बोरेटर धुतला, वर्षाचं शिळं पेट्रोल फेकून ताजं भरलं."

"आणखी?"

"आणखी कशाला? पहिल्या दोरीला उठलं की!"

फोलीनं भाच्याकडे असं पाहिलं की ते पोर गपकन खाली बसलं. हमालांतलं कुणीतरी खाकरलं.

"पेला तुम्हीही प्यायलात, वहिनी," फोली म्हणाला.

एसिनाम घरी निघून गेली. संपलं असं समजून माणसं पांगू लागली, तेवढ्यात ती झाकलेली ताटली घेऊन परत आली. दोघे मित्र जेवायचे तीच ताटली. तिनं ती उपड्या खोक्यावर, फोलीसमोर ठेवली.

"तुझ्या इंजिनानं हाक मारली, मी रांधलं. जेव, फोली."

हा प्रवेश मला पाठ आहे. आमच्या नाटकात इथं ढोल थांबायचा, कपटी माणसाच्या हातातून घास गळायचा, तो पाय धरायचा आणि मी, विधवा, तोंड फिरवायचो. लोक बाकांवर उभे राहायचे. मी श्वास रोखून वाट पाहत राहिलो.

फोलीनं सेन्योकडून पाणी मागितलं. हात धुतले. खाली बसला आणि जेवला. सावकाश, सगळं. कडेला लागलेलं कालवण बोटानं निपटून घेतलं.

"मिरची जरा कमी पडली," तो म्हणाला.

एसिनामनं ताटली उचलली.

बाजारच्या दिवशी ते इंजिन अजून खुंटांपासून वाजत येतं. आवाज तरुण आहे, पुष्कळ चालेल. एसिनाम आदल्या संध्याकाळीच रांधून ठेवते आणि त्या दिवशी चूल पेटवत नाही. मी कुंपणापाशी गेलो की गार अक्प्ले मुकाट्यानं माझ्यापुढे करते. काय हरवलं, असं आता विचारत नाही.