बंद मशीनची ऊब

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे घराबाहेर गेले, आणि मी आयटीआय केल्यावर तर विचारूच नका. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. म्हणूनच बिबवेवाडीतल्या त्या फ्लॅटबद्दल सांगायला बसलो की मला अजून माझाच राग येतो.

तेव्हा मी स्वारगेटजवळच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. पुण्यात दर सोसायटीतली दोन-चार मुलं कॉम्प्युटर कंपनीत लागली होती, आणि अशा घरांत कपडे धुऊन वाळवूनही देणारी मशीनं नवीनच यायला लागली होती. एकाच ड्रममध्ये दोन्ही कामं. लोक मोठ्या कौतुकाने घ्यायचे आणि महिन्याभरात आम्हाला फोन करायचे, की कपडे वाळत नाहीत.

दार त्या घरच्या सुनेच्या सासऱ्यांनी उघडलं. "आलात? आम्हाला वाटलं, तुमची वाट बघूनच कपडे वाळतील." मी चपला काढून आत गेलो. पुण्यात हे काम करायचं तर कान घरी ठेवून निघावं लागतं.

मुलगा कॉम्प्युटर कंपनीकडून अमेरिकेत ऑनसाईट होता. सूनही त्याच लाईनमधली, पण आता वीस दिवसांची बाळंतीण. तिच्या माहेरी करणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच. वारा लागू नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि आत दिवेलागणीसारखा अंधार. ओवा-वावडिंगाची धुरी सगळ्या घरात साचून राहिली होती. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये मशीन होतं, आणि त्याच्यासमोर कानाला रुमाल बांधून सून भिंतीला टेकून बसलेली. ती माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत होती.

कपडे हाताला चटका बसेल इतके गरम होते, आणि तरी ओलेच. काचेवर आतून वाफ. हीटर ठीक, पंखा ठीक. मग मागे वाकून पाहिलं तर नळ बंद.

"हा कोणी बंद केला?"

"मी," सासरे म्हणाले. "धुणं झालं की बंद करतो. पाण्याची नासाडी आम्हाला खपत नाही."

"अहो काका, कपड्यांतली वाफ थंड करायला मशीनला गार पाणी लागतं. ते नाही मिळालं तर वाफ आतल्या आत फिरते. कपडे वाळत नाहीत, आणि मशीन मात्र तापतं."

"वाळवायला पाणी? उद्या म्हणाल, भिजवायला ऊन लागतं!"

मला हसू आलं. नळ उघडला, एक खेप चालवून दाखवली. कपडे कुरकुरीत वाळून निघाले. सासूबाई तर खूश. शेवटचं एकदा आत बघावं म्हणून मी ड्रममध्ये डोकं घातलं, तेव्हा मागून सून म्हणाली, "जळका वास येतोय ना?"

येत होता. करपलेल्या तिळासारखा, बारीक, पण येत होता.

"दिवसभर हेच चाललंय हिचं," सासूबाई म्हणाल्या. "रात्रंदिवस जळका वास, जळका वास."

मला अजून दोन घरं करायची होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "नाही हो ताई," मी म्हणालो. "धुरीचा असेल." तिने मान खाली घातली.

आठ दिवसांनी पुन्हा तक्रार. कागदावर लिहिलं होतं, मशीन बंद असताना गरम राहते. ऑफिसात सगळे हसले, मीही हसलो. गेलो तर पिन काढून, वायरचं वेटोळं करून सासऱ्यांनी मशीनवर ठेवलेलं. "चांगला दीड तास झाला काढून," ते म्हणाले. या वेळी टोमणा नव्हता.

मी काचेवर तळहात ठेवला. गरम. आधीची ऊब उरावी तशी नाही, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी, जिवंत. खोटं कशाला सांगू, एक क्षण मला आजोबांच्या आधीच्या काळात गेल्यासारखं वाटलं. मग मागचा पत्रा खोलला. पत्रा गार. हीटर गार. थर्मोस्टॅट तपासला, बरोबर. मशीनमध्ये कुठेच ऊब नव्हती, फक्त आतल्या कपड्यांत होती.

आता कोणीही म्हणेल, अरे गाढवा, मग कपडे बघ की! पण मी मशीनचा मेकॅनिक. कपडे हा माझा विषयच नव्हता. सुती कापड ऊब धरून ठेवतं, असं काहीबाही सांगून मोकळा झालो.

सासूबाईंनी बाळाची दुपटी काढली आणि जुन्या लुगड्यात घट्ट बांधून त्यांचं गाठोडं केलं. "तुम्ही दुरुस्त केल्यापासून काय छान वाळतात हो! गरम आहेत तोवर बांधून ठेवते. आंघोळीनंतर बाळाला शेक मिळतो. संध्याकाळपर्यंत ऊब जात नाही."

"वाढते," सून म्हणाली. तीच जागा, तीच भिंत. "आई, ती ऊब वाढते."

सासूबाईंनी माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. मला स्वयंपाकघरात पाणी देताना हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवणार आहोत. बाळ आता माझ्या खोलीत निजतं. पाजायला तेवढं आणून देते." तेवढ्यात आत बाळ रडलं. सून झटकन उठली. तिच्या गाऊनवर दुधाचे डाग पसरत होते. "बस तू, मी आणते," असं सासूबाईंनी म्हणताच ती मुकाट्याने खाली बसली. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं आणि मी कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून निघालो.

चार दिवसांनी दुपारी सेंटरवर तिचाच फोन. आवाज अगदी सपाट. "मशीन बरोबर आहे. तुम्ही या."

"बरोबर आहे तर मी येऊन काय करू?"

"आईंच्या खोलीत जा. मी जायचं नाही असं ठरलंय."

मी भडकलोच. मी काय मांत्रिक आहे, खोलीत जाऊन बघायला? पण निघालो. मार्केट यार्डापाशी कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकून पडलो, तेव्हा डोकं जरा थंड झालं. गाडीचं इंजिन बंद करून नुसता उभा होतो. मशीनचा प्रत्येक स्क्रू मी दोनदा बघितला होता. त्यात काय धुतात, कशाने धुतात, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

दारातच विचारलं. "काकू, दुपटी कोणत्या पावडरने धुता?"

"पावडर? इश्श! बाळाच्या कपड्यांना साबण लावतं का कोणी? कातडी सोलेल त्याची. रिठ्याचं पाणी घालते मी, गार."

"आणि मालिश?"

"तिळाचं तेल. मालिशवाल्या बाई रोज वाटीभर जिरवतात. दुपटी नुसती थबथबतात तेलाने."

पिंपरीला कारखान्यात शिकाऊ होतो तेव्हा तेलाची चिंधी कोपऱ्यात टाकली म्हणून फोरमनने माझी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली होती. तेलकट चिंध्या तिथे झाकणाच्या डब्यातच टाकायच्या. ढीग करून ठेवल्या तर आपल्या आपण तापतात आणि पेटतात, काडी लावावी लागत नाही. इथे तर तेल नुसत्या रिठ्याने निघत नव्हतं, त्यावर मशीनची गरम हवा बसत होती, आणि वरून घट्ट गाठ.

"गाठोडं कुठाय?"

"पाळण्याखाली. ऊब वर लागते ना बाळाला."

मी चपलांसकट आत घुसलो. खोली बंद, धुरीने कोंदलेली. बाळ मुठी वळून शांत झोपलं होतं. गाठोडं उचललं. वरून कोमट, पण मध्ये बोटं खुपसली आणि झटक्यात मागे घेतली. तसंच बाथरूममध्ये नेऊन गाठ सोडली. पहिलं दुपटं पिवळट. खालचं तपकिरी. त्याच्या खालचं काळं. सर्वांत आतल्याला वारा लागला, आणि त्याच्या काठावरून एक लाल रेघ पळायला लागली. ज्वाळा नाही, आवाज नाही. नुसती लाल रेघ, कापड खात खात पुढे चाललेली. मी बादली उपडी केली. सगळ्या घरात तो वास पसरला, आणि आता तो धुरीचा आहे असं म्हणायला कोणी धजलं नाही.

बादली हातात तशीच होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं. नळ बंद होता तोवर दुपटी ओली निघत होती, म्हणजे पेटू शकत नव्हती. मी येऊन ती छान वाळतील अशी सोय करून गेलो होतो.

सासरे दाराची चौकट धरून उभे होते. सासूबाईंनी पाळण्यातून बाळ उचललं, धावत जाऊन सुनेच्या हातात दिलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या. "मला धुरीचाच वाटला गं बाई, मला धुरीचाच वाटला."

सून रडली नाही. बाळाला छातीशी धरून तिने आधी त्याच्या टाळूचा वास घेतला. मग माझ्याकडे वळली.

"पहिल्या दिवशी तुम्हालाही आला होता ना वास?"

नाही म्हणता आलं असतं. एकदा म्हणालोच होतो की. "आला होता, ताई," मी म्हणालो.

तिने हळूच मान हलवली. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला वाटलं मला खरंच वेड लागलंय," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी मी आईंच्या पाया पडले. म्हटलं, बाळाला माझ्यापाशी ठेवू नका, मी त्याला काही करीन. त्या खोलीत त्याला मी पाठवलं."