मानेजा आणि कांतोकु

टोकियोत आम्ही राहतो त्या तोयोसुला नवे टॉवर उभे राहत होते आणि आयटीतले आमचे हे फक्त झोपायला घरी येत. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत सईला, माझ्या लेकीला, घेतलं आणि शिनकानसेनने (बुलेट ट्रेन) ओसाका गाठलं.

उतरलो लुचिया आजींकडे. पूर्वी त्या आमच्या शेजारी होत्या, आता मुलाकडे राहतात. पोचताच पुढ्यात रिसोतो, म्हणजे चीज घातलेला त्यांच्या इटलीचा गुरगुट्या भात. त्यांचे वडील तिकडे फुटबॉल नवा होता तेव्हाचे खेळाडू. जन्मभर मैदानाच्या मध्यात धावले, गोल दुसऱ्यांना करू दिले, आणि मग त्याच क्लबचे मॅनेजर होऊन बुडता संघ वर काढला. त्यांचा एकमेव फोटो आजींनी इथल्या फुटबॉलच्या प्रदर्शनाला दिला होता. तो पाहायला आम्ही सबवेने गेलो.

आजी फोटोसमोर ताठ उभ्या राहिल्या. शेजारच्या दोन शाळकरी मुली खालची पाटी वाचून खुदकन हसल्या.

"काय गं लिहिलंय?" मी सईला विचारलं.

"मानेजा. म्हणजे आमच्या शाळेच्या क्लबमध्ये जर्सी धुते, पाणी देते ना, ती मुलगी. टीम चालवतो तो कांतोकु."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संघ घडवणाऱ्या माणसाला यांनी चक्क धोबी करून टाकलं! मी तडक काउंटरवर गेले.

"पण इंग्रजीत मॅनेजरच ना?" कारकून नम्रपणे म्हणाला.

"असेल! वाचणारे जपानी आहेत ना?"

"वरिष्ठांना विचारतो. प्रदर्शन उद्या संपतंय." तो वाकून वाकून माफी मागत राहिला, पण पाटी काही हलली नाही.

सईने आजींना सगळं सांगितलं.

"धुवायचे की बाबा जर्सी," त्या म्हणाल्या. "क्लबकडे पैसे कुठे होते? सोमवारी आमच्या अंगणभर वाळत असायच्या. ते खोटं नाही, अर्धं आहे."

मग त्यांनी सईचं पेन मागून घेतलं आणि कारकुनासमोरच पाटीवर लिहिलं, 'आणि कांतोकु'.

टोकियोला परतताना गाडीत माझा राग उतरेना. मात्र आता तो त्या मुलींच्या हसण्यावर होता. जर्सी धुण्यात हसण्यासारखं काय आहे? आणि 'धोबी' म्हणून मी तरी कशाला भडकले?

घरी आठवड्याचे शर्ट टोपलीत तसेच पडले होते. हे दारातच म्हणाले, "अगं, मी मॅनेजर झालो!"

"मस्त," सई म्हणाली. "मग बाबा, मशीन तू लाव."