दवा घेतली का?

"हात पुढं कर."

म्या हात पुढं केले. दोन्ही थरथरत व्हते. ओपीडीची खोली भरलेली. माझ्या मागं पंधरा-वीस माणसं केसपेपर धरून उभी, त्यात दोघं माझ्या गावची. डॉक्टर खुर्चीतून उठला न्हाय. माझ्या हाताला हात लावला न्हाय. पेनाच्या टोकानं माझं एक बोट वर उचललं आन् मागच्या माणसांना दाखवलं.

"बघून घ्या सगळ्यांनी. दारूचा प्रताप. फुकटात बघायला मिळतोय."

माणसं हसली. लई न्हाय, थोडीच. सरकारी दवाखान्यात डॉक्टर हसला की पेशंटला बी हसावं लागतं.

म्या म्हणलं, "सर, हात थांबत न्हाय. पोट बी फुगलंय. पायावर सूज हाय. छातीत धडधड व्हते. आज उलटीत रक्त पडलं. काय तरी दवा द्या."

"दवा?" डॉक्टर खुर्चीत मागं रेलला. "तुझी दवा इथं नाही मिळत. देशीच्या दुकानात जा. चल, लांब हो, वास येतोय."

पोट दाबून बघितलं न्हाय. डोळ्याची पापणी खाली करून बघितली न्हाय. केसपेपरवर इंग्रजीत दोन ओळी आन् पित्ताच्या गोळ्या. मागच्या बाईला म्हणला, "या, तुम्ही या."

पिलेला व्हतो का? व्हय, पिलेला व्हतो. सकाळी दोन घोट घेतल्याबिगर माझ्याच्यानं चहाचा कप धरवत न्हाय. खोटं कशाला बोलू. पण दारूला दवा म्हणायचं म्या शिकलो ते ह्याच डॉक्टरकडून. आठ वर्षं तो मला रोज तेच इचारत आला. ते सांगाया पायजे.

आमचा बाप मेंढरं राखायचा. तामलवाडीच्या बाजूनं माळावर बसायचा, हातात दाभण, मांडीवर घोंगडं. घोंगड्याचे काठ कसे शिवायचे ते म्या त्याच्याकडून शिकलो. मेंढरं गेली, बाप गेला. मला दवाखान्यात सफाईचं काम लागलं, कंत्राटी. दवाखान्याचं नाव सांगत न्हाय. हायवेच्या कडंला हाय एवढंच सांगतो. झाडायचं, फरशी पुसायची, बाथरूम धुवायचं. मला काय वाटलं न्हाय. काम ते काम.

मग एक दिवस पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, करणारा म्हातारा आला न्हाय. इहिरीत पडलेली बाई आणली व्हती. डॉक्टरनं मला हाक मारली.

"तू मेंढरंवाला ना? मग तुला काय अवघड आहे? मेंढरं कापताच की तुम्ही."

म्या म्हणलं, "सर, आमी मेंढरं पाळतो. कापत न्हाय."

"एकच रे ते."

एकच न्हाय. माझा बाप खाटकाला मेंढरू दिलं की दोन दिवस नीट जेवायचा न्हाय. पण हे डॉक्टरला सांगून काय उपेग. म्या आत गेलो, बाईच्या अंगावरचं कापड काढलं आन् बाहीर येऊन भडाभडा ओकलो.

आमच्याकडं एक रीत हाय. बॉडी आली की नातेवाईक तीन वस्तू आणतात. पांढरं कापड, अगरबत्तीचा पुडा आन् दारूची एक क्वार्टर. कुणाला सांगावं लागत न्हाय. रडता रडता एक जण मोटारसायकल काढतो आन् पेपरात गुंडाळून घेऊन येतो. क्वार्टर आल्याबिगर पीएम व्हत न्हाय हे सगळ्या गावांना ठाव हाय. ती बाटली त्या दिवशी डॉक्टरनं सोताच्या हातानं माझ्या हातात दिली.

"दवा आहे असं समज. घे आणि आत जा. वास येणार नाही, काही नाही."

म्या घेतली. वास आला न्हाय. खरंच आला न्हाय.

त्या दिवसापासनं ते काम माझ्याच गळ्यात पडलं. पीएम डॉक्टरनं करायचं असतंय. कागदावर तसंच हाय, खाली सही त्याचीच असते. पण डॉक्टर कधी आत आला न्हाय. नाकावर रुमाल धरून दारात उभा राहायचा. सुरा माझ्या हातात, छिन्नी-हातोडा माझ्या हातात. तो दारातून इचारायचा, "काळीज कसंय? सुजलंय का?" म्या बघून सांगायचो, तो लिहायचा. आन् दर वक्ताला आत जायच्या आधी एकच सवाल. "काय मामा, दवा घेतली का?" दवाखान्यात आमच्यासारख्यांना मामा म्हणतात. त्यो शब्द कानाला गोड लागायचा, काय सांगू.

ट्रकखाली आलेले, फास घेतलेले, औषध पिलेले. एकदा माझ्या लेकीएवढी पोरगी. तिच्यासारखीच दोन येण्या घातलेली. त्या दिवशी एका क्वार्टरनं भागलं न्हाय. पुढं घरी बी लागाया लागली. मग सकाळी. मग सारखीच.

घरात म्या हातानं जेवत न्हाय. भाकर दुधात कुस्करून चमच्यानं खातो. हात कितीबी धुतले तरी घास तोंडाजवळ आला की मला वास येतो, दुसऱ्या कुणाला येत न्हाय. भावकीत लग्न असलं की मला पंगतीच्या शेवटाला बसवतात. माझी बायको आधी भांडायची, रडायची. "अवं, एवढ्या खेपेला नगा घेऊ." मग भांडायची थांबली. भांडत व्हती तवर बरं व्हतं.

एकच गोष्ट माझी चांगली व्हती. माझा टाका. बापानं शिकवलेला घोंगड्याचा टाका म्या माणसाला घालायचो. बारीक, सरळ, एका मापाचा. बाकीच्या ठिकाणी पोतं शिवल्यागत शिवतात. माझ्याकडून गेलेली बॉडी आई-बापाला बघवायची. एक म्हातारी मला म्हणली व्हती, "लेकरा, नीट केलंस रं माझ्या लेकीला." तेवढ्यावर म्या लई दिवस काढले.

तीन महिन्यामागं टाका वाकडा गेला. हात धरंना. मेलेल्याच्या भावानं कापड उघडून बघितलं आन् माझ्याकडं बघत म्हणला, "असं शिवतात व्हय रं माणसाला?" म्हणून म्या दवाखान्यात पेशंट म्हणून गेलो. पोटासाठी न्हाय, पायासाठी न्हाय. हातासाठी. पयल्यांदाच सोताच्या नावाचा केसपेपर काढला.

तिथं काय झालं ते वर सांगितलंय.

त्याच दिवशी दुपारी बॉडी आली. टेम्पो उलटून गेलेला तरणाताठा पोरगा. मला बोलावणं आलं. म्या पीएम रूमच्या दारात गेलो तर पोराचा बाप उभा. पांढरं धोतर, डोळ्यात पाणी न्हाय, नुसते उघडे डोळे. त्यानं पेपरात गुंडाळलेली क्वार्टर माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली, परसाद द्यावा तशी.

डॉक्टर आला. नाकाला रुमाल.

"काय मामा, दवा घेतली का?"

तोच माणूस. तीच जीभ. सकाळी माझी दवा इथं मिळत नव्हती, आन् दुपारी मिळाया लागली. आठ वर्षांत कधी राग आला नव्हता, त्यो सगळा तिथं आला.

म्या बाटली दारातल्या त्याच्या लिहायच्या टेबलावर ठेवली. बाजूला माझा केसपेपर ठेवला. आतून सुरा आणून त्यावर ठेवला.

"सर, दवा आज तुमी घ्या. आन् सुरा बी तुमीच घ्या. सही तुमची असती ना?"

"चढलीय का तुला? काय बोलतोयस?"

"चढलीयच. आठ वर्षं चढलीय. कुणी पाजली ते माझ्या केसपेपरवर लिवा. मग आत जातो."

"उद्यापासून कामावर यायचं नाही."

"न्हाय येत."

म्या जिंकलो असं कुणी समजू नगा. डॉक्टरनं सुरा उचलला न्हाय. दुसरा माणूस शोधायला संध्याकाळ झाली. तवर त्यो म्हातारा बाप लिंबाखाली बसून व्हता. उठून माझ्याकडं आला, हात जोडले. "बाबा, माझ्या लेकराला मोकळं कर. काय चुकलं आमचं?" म्या त्याचे जोडलेले हात खाली केले. आत जाऊन दोन घोट घेतले असते तर घंटाभरात त्याचं लेकरू घरी गेलं असतं. म्या गेलो न्हाय. त्या म्हाताऱ्याचं तोंड माझ्या डोळ्यापुढून जात न्हाय, जाणार बी न्हाय.

आता पिणार न्हाय म्हणत म्या निघालो, तर दवाखान्यातली एक सिस्टर माझ्या मागं फाटकापर्यंत आली. म्हणली, "मामा, रागाच्या भरात दारू एकदम सोडू नका. फिट येईल. धाराशिवला जाऊन अॅडमिट व्हा." म्या ऐकलं न्हाय. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं फिट आली. बायकोनं आन् शेजाऱ्यांनी जीपमधी घालून धाराशिवला नेलं. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं पोटाला हात लावला. पोटातलं पाणी काढलं. रिपोर्ट बघून म्हणला, लिव्हर खराब झालंय, बरंच. पुन्हा प्यायलात तर वाचणार नाही. नाही प्यायलात तरी सांगता येत नाही.

रिपोर्ट मला दाखवायची गरज नव्हती. पिऊन मेलेल्यांचं काळीज, म्हणजे तेच लिव्हर, म्या हातात धरलंय. गाठीगाठीचं, कडक, पिवळं पडलेलं. माझं बी तसलंच असणार. रोज आंघोळीला बसलो की मला ते दिसतं.

त्या डॉक्टरला बी म्या म्हणलं, "कागदावर लिवा, कामावर पाजली."

त्यो वाईट माणूस नव्हता. म्हणला, "असं लिहायला रकाना नाही हो." आन् लिहिलं, दारूचे व्यसन, आठ वर्षे.

आता घरी हाय. काम न्हाय. दोन महिने झाले, घोट घेतला न्हाय. हात अजून थरथरतात. सुई ओवता येत न्हाय, दाभण तर लांबच. पोट परत भरतंय. गावात म्हणतात, बेवडा सुधारला. दवाखान्यात माझ्या जागी नवा माणूस लागलाय. त्याला बी रोज क्वार्टर मिळते.

बरा व्हईन असं मला वाटत न्हाय. कुठं तरी रस्त्यात फिट येऊन पडीन, पोलीस येतील, पंचनामा करतील, आन् मला बी त्याच टेबलावर नेतील. म्हणून परवा बायकोला समोर बसवलं.

"कापड आण. अगरबत्ती आण. क्वार्टर आणायची न्हाय. कुणी बी मागू दे. डॉक्टर म्हणंल माणूस न्हाय, उशीर व्हईल. त्याला सांग, सुरा तुमीच धरा, न पिता धरा."

ती म्हणली, "आन् त्यांनी न्हाय धरला तर?"

"तर मला तसंच राहू दे. दारात बस. पण क्वार्टर आणू नगं."