फोटोत उरलेला हात

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत आमच्या भावकीत पहिला डिजिटल कॅमेरा आला तो माझ्या चुलतभावाचा, आणि गावच्या यात्रेला त्याने दिसेल त्याचा फोटो काढला. रोल संपायची भीती गेल्यावर माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. त्याने म्हशीचे काढले, मोटारसायकलचे काढले, चुलीवरच्या मटणाच्या पातेल्याचेही काढले. त्यातच दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघींचा, माझा आणि आत्याचा, एक निघाला. तिने माझ्या खांद्यावर हात टाकून कानात काहीतरी सांगितलं होतं, आणि आम्ही दोघी हसत होतो. फोटो मात्र वाकडा आला होता. घर, आम्ही आणि शेजारचा विजेचा खांब, सगळेच पडायच्या बेतात होते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परतली. माझी आई मी लहान असतानाच वारली, त्यामुळे मला वाढवलं ते आत्याने. शाळेत कुणी आईचं नाव विचारलं की मला क्षणभर थांबायला लागायचं.

माझं लग्न काढलं तेव्हा स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. स्टुडिओत जाऊन काढलेल्या फोटोत मी पोलिसांनी उचलून आणल्यासारखी दिसत होते. यात्रेतला फोटो सगळ्यांना आवडला. अडचण एकच, त्यात आत्या होती. मुलीच्या फोटोत विधवा बाई असू नये, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वडीलही विधुरच होते, पण ते प्रत्येक बैठकीत मधोमध बसायचे आणि त्याने कुणाचं काही अशुभ होत नसे.

"मला कापून टाक जा," आत्या म्हणाली. "लग्नाच्या फोटूत माझं काय काम हाय?"

"मग मला हा फोटोच नको."

"गप बस. त्या दुसऱ्या फोटूत सुतकात बसल्यागत दिसतीस. कोण पसंत करणार हाय तुला?"

हा वाद तिने जिंकला. आमच्या घरातले सगळे वाद तीच जिंकायची.

वडील मला घेऊन कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका फोटोच्या दुकानात गेले. तिथला ऑपरेटर "कशाला पायजे?" असं विचारल्याशिवाय माऊसला हात लावत नसे. अर्जाला म्हटलं की तो नुसता चेहरा ठेवायचा, दोन्ही कानांसकट. स्थळाला म्हटलं की पायापर्यंत, कारण उंची कळायला हवी. चौकातल्या डिजिटल बोर्डाला कमरेपर्यंत, आणि माणसाने हात जोडलेले नसतील तर तो दुसऱ्या कुणाचे तरी जोडलेले हात आणून लावायचा. त्या काळात कोल्हापूरच्या चौकाचौकांत बरेच पुढारी एकाच माणसाच्या हातांनी नमस्कार करत उभे होते.

आमचा फोटो त्याने आधी खांबाच्या मापाने सरळ केला. खांब उभा राहिला, घर उभं राहिलं आणि मी किंचित तिरकी झाले. मग त्याने माझ्याभोवती चौकट ओढली आणि आत्या गेली. राहिला फक्त माझ्या खांद्यावरचा तिचा हात. तो घालवायचा तर वेळ लागेल, म्हणाला. वडिलांना बस गाठायची होती.

"हात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मैत्रिणीचा म्हणून सांगू."

ऑपरेटरने फोटो सेव्ह केला, तो आम्ही नेलेल्या पेनड्राइव्हमधल्या मूळ फोटोवरच. चुलतभावाने त्याआधीच कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून टाकलं होतं. आत्याचा हसरा असा तेवढाच एक फोटो होता, तो त्या दुपारी संपला. हे आम्हाला नंतर कळलं आणि मला फार वाईट वाटलं. आत्या म्हणाली, बरं झालं, तोंड उघडं होतं त्यात.

हातकणंगल्याकडचं एक स्थळ बघायला आलं. मुलगा, त्याची आई आणि मामा. आत्या आत स्वयंपाकघरात बसली, मी पोहे दिले. मुलाच्या आईने पिशवीतून माझा फोटो काढला आणि डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो खांद्यावर कुणाचा हात हाय?"

"मैत्रिणीचा," वडील म्हणाले.

"मैत्रिणीच्या हातात एक बांगडी न्हाय? आनि हे मनगट बघा की. ह्यो गड्याचा हात हाय."

मुलगा पंख्याकडे बघायला लागला. आत्याने जन्मभर धारा काढल्या होत्या, उसाचा पाला काढला होता. तिचा हात दिसायला खरोखरच तसा होता. मामांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. पाव्हण्याने भरली ताटली खाली ठेवली की तो उठणार, आणि उठला की आधी गावभर सांगणार.

"आत्याचा हात हाय," मी म्हटलं. "ती आत हाय."

वडिलांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात आत्याच पदराला हात पुसत बाहेर आली, मुलाच्या आईसमोर बसली आणि उजवा हात पुढे केला. त्या बाईंनी हाताशेजारी फोटो धरला. हात उलटा केला, सुलटा केला. करंगळी वाकडी होती, ती जुळली. जी कुणाला दिसू नये म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला, तिलाच पुरावा म्हणून पुढे बसावं लागलं. मला सगळ्यांचा राग आला, त्या बाईंचा कमी आणि आमच्या माणसांचा जास्त.

"व्हय, ह्योच हात," त्या म्हणाल्या. मग फोटो खाली ठेवत, "मग कापलं कशाला ह्यास्नी?"

उत्तर त्यांनाही माहीत होतं.

"पोहे घ्या की, पावणं," आत्या मामांना म्हणाली. "गार व्हायलेत."

मामांनी ताटली उचलली आणि स्थळ जमलं.

लग्न कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि फोटोवाल्याने घरच्यांना स्टेजवर बोलावलं. आत्या मागे खांबाआड खुर्चीत बसली होती. मी जाऊन तिला हाताला धरून आणलं. ती रांगेच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिली, शेजारच्यापासून वीतभर अंतर ठेवून, दोन्ही हात स्वतःच्या पोटाशी धरून.

"एवढ्या लांब कशाला?" मी विचारलं.

"असू दे की. मी आपली कडंला उभारतो. पुढंमागं कापायला सोपं. आनि हात बी कुणाच्या अंगावर नको, उगंच तुमची पंचाईत."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, टोमणा म्हणून नव्हे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला तशीच ओढत आणली आणि माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये उभी केली. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. वडिलांनी घसा खाकरला. नवरा एक पाऊल बाजूला सरकला, आणि तो माणूस मला तिथे पहिल्यांदा आवडला.

"ताई, जोडीच्या मधी कोण उभारत न्हाय," फोटोवाला म्हणाला.

"तू काढ," मी म्हटलं.

पुढे तो फोटो मोठा करून भिंतीला लावायचा ठरला. दुकानातून फोन आला. मधल्या बाईंचं काय करायचं, त्यांना काढलं तर तुमचं दोघांचं अर्धं अर्धं अंग जातंय, असं फोटोवाला म्हणत होता.

"म्हणूनच तिथं उभी केलीया," मी म्हटलं.